मधलं नाव

नावांविषयी लिहायला बसले आहे आणि या लिखाणात एकाही माणसाचं नाव येणार नाही. तशी अटच आहे. ज्या दोघींची ही हकीकत आहे, त्यांतली एक माझी सासू आणि दुसरी आमची शेजारीण. दोघींनी मला वेगवेगळ्या भाषांत एकच दम दिला, की लिहायचं तर लिही, पण नाव छापायचं नाही. दोघीही हाडाच्या मास्तरणी. त्यांच्यापुढे माझी काय टाप. तेव्हा जिथे नाव यायला हवं तिथे मी तीन टिंबं देईन, ती वाचणाऱ्याने मनाने भरून घ्यावीत.

बहरीनमध्ये बुदैयाच्या बाजूला एका जुन्या व्हिलाचा मागचा भाग आम्ही भाड्याने घेतला आहे. पुढे घरमालकाची खजुराची झाडं, मागे आमचं चिमूटभर अंगण आणि अंगणाला छातीपर्यंत येणारी भिंत. नवरा मआमीरकडच्या एका कारखान्यात शिफ्टमध्ये, मी सकाळी दातांच्या दवाखान्यात रिसेप्शनवर, मुलगी शाळेत. आमच्या गल्लीत चालत जाण्यासारखं काही नाही. गाडी नसेल तर माणूस घरात. अशा ठिकाणी मागच्या डिसेंबरात सासूबाई व्हिजिट व्हिसावर आल्या. एकट्याच आल्या. आंब्याला मोहोर यायच्या दिवसांत फवारणी सोडून सासरे स्वर्गातसुद्धा जाणार नाहीत.

सासूबाईंनी गुहागरकडच्या शाळांत जन्मभर पहिली ते चौथीची पोरं हाकली. त्यांना बोलायला माणूस लागतं आणि ऐकून घ्यायला त्याहून जास्त लागतं. नातीशी बोलायला जावं तर ती मराठी सगळं समजते आणि उत्तर इंग्रजीत देते. आठवडा झाला नाही तोच सासूबाईंनी तिकिटाची भाषा सुरू केली.

"अगो, तुमच्याकडे सगळं आहे," त्या म्हणाल्या, "पण हाक मारायला कोणी नाही. सकाळपासून मला कोणी हाक मारलेली नाही. मी घरात आहे की नाही तेच मला कळत नाही."

नवऱ्याचा चेहरा पडला. आईला पहिल्यांदा विमानाने आणलं, तिला मार्चपर्यंत ठेवून घ्यायचं, शनिवारी शेतकरी बाजारात फिरवायचं, असे त्याचे बेत. तो मला स्वयंपाकघरात गाठून म्हणाला, काहीही कर, पण तिला रमव. म्हणजे घोडं माझ्या दारात बांधून हा मोकळा. मी मग शेजारणीला पुढे केलं.

शेजारीण रशियन. तिचा नवरा इथलाच, बहरीनी. तरुणपणी तिकडे इंजिनीअरिंग शिकायला गेला आणि पदवीबरोबर बायको घेऊन परतला. तिने इथल्या एका खासगी शाळेत वर्षानुवर्षं गणित शिकवलं आणि आता घरी शिकवणी घेते. आमची कन्या तिच्याकडेच जाते. ती नवऱ्याशी रशियन बोलते, सासरच्यांशी अरबी, मुलांशी इंग्रजी आणि उरलेल्या जगाशी हिंदी. ही हिंदी तिने भाजीवाले, ड्रायव्हर आणि प्लंबर यांच्याकडून उचललेली, त्यामुळे वाक्यात क्रियापद आलं तर आलं. आमच्या सासूबाईंची हिंदी टीव्हीसमोर बसून तयार झालेली. दोघींची गाठ मी भिंतीशी घालून दिली.

"ये भी टीचर," मी सासूबाईंकडे बोट दाखवून म्हटलं.

"टीचर?" शेजारणीने भुवया उंचावल्या. "कितना साल?"

"पूरी जिंदगी," सासूबाई म्हणाल्या.

"खलास," म्हणत शेजारणीने भिंतीवरून हात पुढे केला, आणि खरंच तिथे विषय मिटला.

दुसऱ्या दिवसापासून दोघी चहाचे कप घेऊन भिंतीला लागल्या. पोरांना पाढे पाठ का होत नाहीत, फळ्यावर लिहून लिहून खांदा कुणाचा जास्त दुखतो, हुशार पोर खोडकर बरं की गरीब बरं. एकीचं बोलणं दुसरीला निम्मंच कळत असणार, पण मास्तरांचं कुठेही निम्मं बोलणं तेच तेच असतं. त्यामुळे अडलं नाही. तिकिटाचा शब्द घरातून गेला आणि मी सुटकेचा श्वास सोडला.

आता शेजारणीच्या नवऱ्याविषयी सांगायला हवं. इकडे माणसाला थोरल्या मुलाच्या नावाने ओळखायची रीत आहे. गल्लीत त्याला सगळे अबू … म्हणतात, म्हणजे अमक्याचा बाप, आणि तिला उम्म …, म्हणजे त्याच अमक्याची आई. अमका स्वतः कॅनडात असतो आणि वर्षातून एकदा दिसतो, पण त्याचं नाव गल्लीत दिवसभर चालू. बापाचं स्वतःचं नाव मात्र मला ठाऊक नव्हतं. इतकी वर्षं शेजारी राहून कधी विचारलंच नव्हतं.

सासूबाईंना हा प्रकार मुळीच पटला नाही. "मुलावरून बापाला हाक मारायची? उलटा कारभार आहे हा. बापाला स्वतःचं नाव नाही?" आणि मग त्यांनी ते शोधून काढलं. शेजारणीच्या फाटकावर शिकवणीची पाटी आहे. पाटीवर इंग्रजीत तिचं पूर्ण नाव, तीन शब्दांचं. सासूबाईंनी चष्मा सारखा करून ते वाचलं आणि आपल्या हजेरीच्या सवयीने फोड केली. पहिलं बाईचं, मधलं नवऱ्याचं, शेवटचं आडनाव. त्यात शंका घ्यायला जागाच कुठे होती? आपल्याकडे बाईच्या नावात मध्ये दुसरं कोण असतं?

मधला शब्द होता …ओव्हना. बोलताना जरा जड, पण सासूबाईंनी आयुष्यात अवघड नावाची पोरं कमी पाहिली नव्हती. दुसऱ्या दिवशी सकाळी तो गृहस्थ पाइपने झाडांना पाणी घालत होता. भिंतीवरून खणखणीत हाक गेली.

"…ओव्हनाराव, नमस्कार!"

तो जागच्या जागी थांबला. पाणी झाडाचं सोडून त्याच्या चपलांवर पडायला लागलं. मग त्याने पाइप खाली ठेवला, उजवा हात छातीवर ठेवला आणि मान झुकवून म्हणाला, "नमस्ते, टीचर."

मलाही यात काही वावगं वाटलं नाही. दवाखान्यात माझा दिवस नावांतच जातो, आणि तरीही मी मनाशी म्हटलं, इतकी वर्षं तिकडे राहिलेला माणूस, ठेवलं असेल एखादं रशियन नाव लाडाने. पुढे हे रोजचंच झालं. सासूबाई रावांना नमस्कार करायच्या आणि राव खुशीत यायचे. हळूहळू माझ्या लक्षात आलं, की झाडांना पाणी घालून झालं तरी ते भिंतीशी उगाच घुटमळतात. हाक मिळाली की घरात जातात आणि आतून दोघांच्या हसण्याचा आवाज येतो. मला वाटलं, सुखी जोडपं आहे.

संक्रांत आली. परदेशात हळदीकुंकू म्हणजे सगळ्यांच्या सुट्टीचा दिवस गाठून करायचा कार्यक्रम. मनामाहून, रिफाहून बायका आल्या. आमची म्हसळ्याची मैत्रीण आली. ती मुसलमान, पण तिळगुळाच्या बाबतीत आमच्यातल्या कुणाहीपेक्षा काटेकोर. शेजारीण सासूबाईंची जांभळी साडी नेसून आली. नेसवली सासूबाईंनीच. दोन दिवस त्यांनी भिंतीशी तिला एक उखाणाही शिकवला होता, स्वतः रचलेला. तिला फक्त एवढंच सांगितलं होतं, की ही कविता आहे आणि ती सगळ्यांसमोर म्हणायची असते.

एकेकीने नावं घेतली. सासूबाई एरवी सासऱ्यांना 'हे' म्हणतात, पण उखाण्यात त्यांचं नाव असं ठसक्यात घेतलं की खोली दणाणली. मग शेजारीण उठली, साडीचा घोळ सावरला आणि शाळेतल्या मुलीसारखी हात मागे बांधून म्हणाली,

"बहरीनच्या बागेत खजुराचा मांडव,
…ओव्हनारावांचं नाव घेते, तिळगूळ वाढा, नका भांडव."

शेवटचा शब्द मराठीत असा नसतो, हे सासूबाईंनाही माहीत होतं. यमकासाठी त्यांनी केलेली ती जबरदस्ती. पण टाळ्या काय पडल्या! मनामाच्या एका बाईने कौतुकाने म्हटलं, "आपके हस्बंड का नाम बहुत सुंदर है."

"हस्बंड?" शेजारीण हसत म्हणाली. "नो, नो. ये हमारा बाबा का नाम."

माझ्या हातातलं अत्तर तसंच राहिलं.

"उखाण्यात नवऱ्याचं नाव घेतात," मी चाचरत तिला समजावलं. तिने क्षणभर विचार केला आणि मग ती अशी हसली की साडीच्या निऱ्या सुटल्या. बायकाही सुटल्या. म्हसळ्याची मैत्रीण डोळे पुसत म्हणाली, "या अल्ला, बापाचो नाव घेतलान गो!" आमची कन्या कोपऱ्यातून शांतपणे म्हणाली, "मम्मा, दॅट्स हर डॅड्स नेम. शी टोल्ड अस इन क्लास." मी म्हटलं, मग तू घरी सांगितलं का नाहीस? तर म्हणे, "यू नेव्हर आस्क्ड."

इथवर सगळं छान चाललं होतं. पण शेजारणीने आनंदाच्या भरात सासूबाईंचा हात धरला आणि म्हणाली, "हम को मालूम था, टीचर! मैं और अबू …, रोज सुबह घर में हँसता!"

सासूबाईंनी हात सोडवून घेतला नाही. त्यांनी पुढच्या बाईला हळद लावली, कुंकू लावलं, वाण दिलं, सगळं रीतसर केलं. बायका गेल्यावर मात्र मुलाकडे वळून म्हणाल्या, "तिकीट बघ. इतके दिवस ती दोघं मला हसत होती."

सकाळी त्या भिंतीशी गेल्या नाहीत. खिडकीतून मला दिसत होतं, शेजारीण कप घेऊन उभी होती. चहा थंड होईपर्यंत उभी राहिली आणि आत गेली. दुसऱ्या दिवशीही तेच. तिचा नवरा पाणी घालून भिंतीजवळ रेंगाळला, कुणी हाक मारली नाही, निघून गेला. घरात नवरा कॉम्प्युटर उघडून विमानांच्या वेळा बघत होता आणि मुद्दाम हळूहळू बघत होता. मला दोघींचा राग आला. मी तशीच भिंतीशी गेले आणि शेजारणीला म्हटलं, माझी सासू चालली आहे, तुम्ही तिला हसलात म्हणून.

तिचा चेहराच उतरला. तिने मला आत बोलावून बसवलं आणि आपल्या खिचडी भाषेत जे सांगितलं ते असं.

तिच्याकडे बापाचं नाव प्रत्येकाच्या नावात असतं. मुलगा असेल तर बापाच्या नावाला 'ओविच' किंवा त्यासारखं शेपूट, मुलगी असेल तर 'ओव्हना'सारखं. लग्न झालं, आडनाव बदललं, तरी बाप नावातून जात नाही. आणि ते नुसतं कागदावर राहत नाही. लहानपणी घरचे तुम्हाला लाडाच्या नावाने बोलावतात, मित्रही तसेच. पण तुम्ही शिक्षक झालात, डॉक्टर झालात, वयाने मोठे झालात, की लोक तुमचं नाव आणि पाठोपाठ बापाचं नाव घेऊन बोलतात. आपण अहो-जाहो करतो, ते काम तिकडे बाप करतो. पुढे मिस्टर, मिसेस काही लागत नाही.

तिचा बाप नदीवरच्या बोटीत बॉयलर सांभाळायचा. कोळशाने काळा झालेला माणूस, त्याला कोण पूर्ण नावाने बोलावणार? ती शिक्षिका झाली आणि पहिल्या दिवशी वर्गात शिरली. सगळी पोरं उठून उभी राहिली आणि एका सुरात तिचं नाव आणि तिच्या बापाचं नाव म्हणाली. ती म्हणे दचकून मागे बघायला लागली, बाबा आले की काय. संध्याकाळी बापाने हात धुता धुता विचारलं, पोरं तुला काय म्हणाली? तिने सांगितलं. तो म्हणाला, परत सांग. तिने परत सांगितलं. रात्री जेवताना त्याने आणखी एकदा विचारलं.

इथे आल्यावर शाळेच्या ऑफिसने ते नाव पहिल्याच आठवड्यात कापलं. इंग्रजीत एवढं लांब बसत नाही म्हणाले. कुणी त्याचं एक अक्षर करून पुढे टिंब दिलं. कुणी त्यालाच आडनाव समजून आधी मिसेस लावलं, म्हणजे बापाचीच बायको करून टाकली. शेवटी सगळीकडे 'मिस'. मला आठवलं, कॉलेजात मी इंग्रजीतून एक जाडजूड रशियन कादंबरी वाचायला घेतली होती आणि एका माणसाला तीन माणसं समजून अर्ध्यात सोडून दिली होती. पुस्तकात तरी ते नाव शाबूत ठेवतात. जिवंत बाईच्या वाट्याला तेवढंही आलं नाही.

"तीस साल," शेजारीण म्हणाली, "मेरा बाबा क्लास के बाहर खडा. कोई अंदर नहीं बुलाया. फिर तुम्हारा टीचर आया. रोज सुबह बुलाया. राव बोलके बुलाया. राव क्या है, मैं गूगल किया. बडा आदमी! मेरा बाबा, बॉयलरवाला, राव!" मग ती म्हणाली, आम्ही तिला हसत नव्हतो. आम्ही खुशीने हसत होतो. सांगितलं असतं तर तिने हाक मारणं बंद केलं असतं, म्हणून सांगितलं नाही.

हे ऐकून मला रडू फुटलं, लपवायचं कशाला. मी घरी येऊन सासूबाईंना सगळं सांगितलं. त्यांनी पूर्ण ऐकलं. बॉयलरवाल्याचं ऐकताना त्यांनी हातातली भाजी खाली ठेवली. पण हट्ट सोडला नाही.

"ती म्हणते ते खरं असेल," त्या म्हणाल्या. "पण अगो, मी जावयाला सासऱ्याच्या नावाने हाक मारली. तेसुद्धा मुलीचं शेपूट लावून. आणि वर राव. आता कुठल्या तोंडाने भिंतीशी जाऊ? त्यापेक्षा गावाला गेलेलं बरं."

पुढे एक दिवस मी दवाखान्यातून परत आले, तर शेजारीण मला गाठायला फाटकात उभी. तिला एकच गोष्ट हवी होती. "टीचर का बाबा, नाम क्या?"

मला माहीत नव्हतं. नवऱ्याला विचारलं, तर तोही आठवायला लागला. "आम्ही त्यांना अण्णाच म्हणायचो." खरं नाव? "असेल की काहीतरी." म्हणजे शेजारच्या गृहस्थाचं नाव ठाऊक नाही म्हणून मी मनात खजील झाले होते, आणि इथे आपल्याच घरात ही तऱ्हा. मी नवऱ्यावर उगाच आवाज चढवला. तो बिचारा म्हणाला, मग आईलाच विचार.

विचारलं शेजारणीनेच. त्याच संध्याकाळी ती पुढच्या दाराने आली, हातात कोबी भरलेल्या गरम बनांचं ताट आणि मागे नवरा. भिंतीवरून बोलणारी माणसं दारातून आली की आदरातिथ्य करावंच लागतं. सासूबाईंनी निमूटपणे पाणी दिलं. पहिल्यांदा गृहस्थ बोलला. त्याची हिंदी बायकोपेक्षा बरी.

"टीचर, मेरा ससुर मुझसे बहुत नाराज था. बेटी को इतना दूर ले गया, इसलिए. मरने तक ठीक से बात नहीं किया. अब आप उसका नाम लेके मुझे नमस्कार बोलते हैं, तो मुझे लगता है चलो, बुड्ढा मान गया."

सासूबाईंच्या ओठाचा कोपरा हलला. मी तो पाहिला. शेजारणीनेही पाहिला आणि खुर्ची पुढे ओढली. "टीचर. आप का बाबा, नाम क्या?"

सासूबाईंनी आधी पदराचं टोक सरळ केलं. मग त्यांनी सांगितलं, की लग्नात सासऱ्यांनी ताटातल्या तांदळांत अंगठीने नवं नाव लिहिलं. त्या दिवसापासून स्वतःचं नाव बदललं, मधलं बदललं, आडनाव बदललं. मी शेजारणीला इंग्रजीत समजावलं. तिने एकेक बोट मिटत विचारलं, "आप का नाम, मफी? बाबा का नाम, मफी? फॅमिली का नाम, वो भी मफी?"

"मफी," सासूबाई म्हणाल्या. हा शब्द त्या इथे येऊन शिकल्या होत्या, काही नाही अशा अर्थाचा.

मग त्यांनी आपलं जुनं नाव सांगितलं. आणि अण्णांचं नाव सांगितलं. दोन्ही नावं अगदी साधी होती, कोकणात दर वाडीला सापडतील अशी, पण मी ती आयुष्यात पहिल्यांदा ऐकली. अण्णा शिंपी होते. मशीनवरून न उठता ते ओटीवरून पोरीला हाक मारायचे. हाकेला ओ दिली नाही तर थांबायचे नाहीत, वाडीभर ऐकू जाईल असे ओरडत राहायचे. "मी मुद्दाम ओ द्यायची नाही," सासूबाई म्हणाल्या. "ते ओरडताना ऐकायला बरं वाटायचं." एवढं बोलून त्यांनी ताटातलं एक बन उचललं आणि खाल्लं. कोबी जरा अळणी आहे म्हणाल्या.

शेजारणीने तोंडातल्या तोंडात दोनतीनदा जुळवाजुळव केली. आधी सासूबाईंचं माहेरचं नाव, मग अण्णांचं नाव, त्याला ओव्हना. मग मोठ्याने म्हटलं. शिंप्याचं ते देवाचं नाव रशियन शेपटासकट असं काही ऐकू आलं की माझ्या नवऱ्याला हसू आवरेना. सासूबाईंनी त्याला डोळे वटारून गप्प केलं. "हसतोस काय? आजोबा आहेत तुझे." मात्र त्या रात्री विमानाच्या वेळा कुणी बघितल्या नाहीत. सकाळी काय होतंय, याकडे आम्ही दोघं डोळे लावून बसलो.

शुक्रवार होता, मी घरीच होते. सासूबाई गॅसजवळ उभ्या राहून फोनच्या स्पीकरवर सासऱ्यांशी बोलत होत्या. मोहोर गळतोय का, तुडतुडे पडलेत का, औषधात पाणी किती घातलंत. तेवढ्यात भिंतीपलीकडून हाक आली. पूर्ण नाव, पूर्ण बापासकट, वर्गातल्या शेवटच्या बाकाला ऐकू जाईल अशा आवाजात.

सासूबाई बोलता बोलता थांबल्या. पण त्यांनी ओ दिली नाही. मला वाटलं, संपलं. पुन्हा हाक आली, पहिलीपेक्षा मोठी. त्या तशाच उभ्या, चमचा हातात. त्यांच्याकडे नीट बघितल्यावर मला कळलं, की त्या हसत आहेत. तिसऱ्यांदा हाक आली तेव्हा आमच्या घरमालकाची कोंबडीसुद्धा ओरडली असेल.

"ओऽऽ!" सासूबाई म्हणाल्या. "आले, आले!"

इतका बारीक, इतका खट्याळ आवाज त्यांच्या गळ्यात आहे हे मला ठाऊक नव्हतं. फोन माझ्या हातात कोंबून त्या निघाल्यासुद्धा. अंगणात पोचायच्या आधीच त्यांनी उलट हाक दिली, शेजारणीचं नाव आणि बॉयलरवाल्याचं नाव, बिनचूक, या वेळी राव न लावता. मग थोडं थांबून, राहवलं नाही म्हणून, राव लावलाच.

फोनवर सासरे हॅलो हॅलो करत होते. "अगो, कोणाला हाक मारली तिकडे?"

"आईंना," मी म्हटलं.

पलीकडे फवारणीच्या पंपाचा आवाज येत होता, तो थांबला.

"हे नाव मी लग्नपत्रिकेत वाचलं होतं," सासरे म्हणाले. "मग तांदळांत दुसरं लिहिलं मी. तेव्हा तसंच करायचे." मग त्यांनी विचारलं, "आणि ओ दिली तिने?"

"दिली," मी म्हटलं. "तिसऱ्या हाकेला."

"मग राहू दे तिला तिकडे मार्चपर्यंत," ते म्हणाले. "आणि मला ते नाव एकदा नीट सांग. घरी आली की मीही मारून बघतो."